नट गेले, त्यांना घडविणारी शिडीही गेली

इंग्लंडमधील थोर अभिनेत्यांची एक संपूर्ण पिढी गेल्या दहा वर्षांत काळाच्या पडद्याआड गेली. मृत्युलेखांमधून त्यांच्या प्रतिभेचे यथोचित गुणगान झाले. मात्र कामगार, गवंडी आणि खलाशांच्या घरातील मुलांना रंगमंचापर्यंत पोहोचविणारी सार्वजनिक व्यवस्था त्यांच्याही आधी अस्तंगत झाली होती. तिच्यासाठी कोणी दिवे मंद केले नाहीत.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी सायंकाळी लंडनच्या वेस्ट एन्ड भागातील नाट्यगृहांचे दर्शनी दिवे दोन मिनिटे मंद करण्यात आले. चार दिवसांपूर्वी, २७ सप्टेंबरला, डेम मॅगी स्मिथ यांचे वयाच्या ८९व्या वर्षी निधन झाले होते. रंगभूमीच्या मोठ्या कलावंताला निरोप देण्याची ही तेथील जुनी रीत. गेल्या दशकात इंग्लंडच्या रंगभूमीवर निरोपाचे असे प्रसंग वारंवार आले. जानेवारी २०१६ मध्ये अ‍ॅलन रिकमन गेले, जानेवारी २०१७ मध्ये जॉन हर्ट, फेब्रुवारी २०१९ मध्ये अल्बर्ट फिनी. २०२० मध्ये इयन होल्म आणि डायना रिग, २०२३ मध्ये ग्लेन्डा जॅक्सन आणि टॉम विल्किन्सन, २०२४ मध्ये बर्नार्ड हिल. २०२५ च्या जानेवारीत जोन प्लोराइट, ऑगस्टमध्ये टेरेन्स स्टॅम्प आणि ऑक्टोबरमध्ये प्रुनेला स्केल्स यांनी जगाचा निरोप घेतला.

या यादीतील बहुतेकांनी सत्तरी, ऐंशी, काहींनी नव्वदी ओलांडली होती. तेव्हा मृत्यू अकाली म्हणता येत नाहीत आणि त्यामागे काही विशेष कारण शोधण्याचेही प्रयोजन नाही. परंतु या मंडळींची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांपैकी अनेकांच्या घरात नाटकाचा गंध नव्हता, पैसा नव्हता आणि ओळखीही नव्हत्या. तरीही ते रंगमंचावर पोहोचले. कसे पोहोचले, या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘प्रतिभेच्या बळावर’ असे देऊन भागत नाही. प्रतिभा त्यापूर्वीच्या पिढ्यांतील गवंड्यांच्या आणि खाणकामगारांच्या मुलांतही असणारच. फरक पडला तो त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या शिडीमुळे.

एकच जन्मतारीख, दोन चरित्रे

९ मे १९३६ या एकाच दिवशी इंग्लंडच्या वायव्य भागात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन गावांत दोन मुले जन्माला आली. सॅल्फर्ड येथे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या बुकीच्या घरी अल्बर्ट फिनी यांचा जन्म झाला, तर बर्कनहेड येथे एका गवंड्याच्या घरी ग्लेन्डा जॅक्सन यांचा. दोघेही लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, म्हणजेच ‘राडा’ या नामांकित संस्थेत शिकले. तेथून पुढे मात्र दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या.

फिनी यांना यश लवकर मिळाले. बर्मिंगहॅम रेपर्टरी नाट्यगृहात शेक्सपिअरच्या भूमिका करून ते लंडनला आले आणि १९६० मध्ये ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या चित्रपटात नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यातील बंडखोर कामगाराची भूमिका करून एका रात्रीत प्रसिद्ध झाले. इंग्रजी पडद्यावरचा नायक कामगारवस्तीतील बोली बोलू शकतो, मालकाकडे तिरक्या नजरेने पाहू शकतो आणि तरीही नायकच राहतो, हे त्या भूमिकेने प्रेक्षकांना पटवून दिले. १९६३ च्या ‘टॉम जोन्स’ने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. ऑस्करसाठी त्यांचे नाव पाच वेळा सुचविले गेले, पण पारितोषिक एकदाही मिळाले नाही. १९८० मध्ये ‘सीबीई’ हा किताब आणि २००० मध्ये ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली. हाती पैसा आल्यावर त्यांनी काढलेल्या ‘मेमोरियल एन्टरप्रायझेस’ या चित्रसंस्थेने लिन्डसे अँडरसन यांच्या ‘इफ’ला आणि त्या वेळी सर्वस्वी अपरिचित असलेल्या माइक ली यांच्या पहिल्या चित्रपटाला आधार दिला. ज्या शिडीने ते वर आले, ती त्यांनी पुढच्यांसाठी धरून ठेवली. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

ग्लेन्डा जॅक्सन यांची वाट खडतर होती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी दोन वर्षे औषधांच्या दुकानात विक्रेतीचे काम केले. शिष्यवृत्तीवर ‘राडा’त प्रवेश मिळाला, पण शिक्षण संपल्यावर कित्येक वर्षे छोट्या गावांतील रेपर्टरी, मिळेल ते काम आणि मध्ये मध्ये बेकारी असाच क्रम राहिला. १९६४ मध्ये पीटर ब्रूक यांनी त्यांना रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या प्रयोगांत घेतले आणि चित्र पालटले. पुढील दहा वर्षांत ‘विमेन इन लव्ह’ आणि ‘अ टच ऑफ क्लास’ या चित्रपटांसाठी त्यांनी दोन ऑस्कर मिळविली.

१९९२ मध्ये, कारकिर्दीच्या भरात, अभिनय बाजूला ठेवून त्या मजूर पक्षाच्या तिकिटावर संसदेत गेल्या आणि २०१५ पर्यंत खासदार राहिल्या. २०१० ची निवडणूक तर त्यांनी अवघ्या ४२ मतांनी जिंकली. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी भरलेल्या सभागृहात, थॅचर यांच्या काळात शाळा, रुग्णालये आणि एकूणच सार्वजनिक सेवांची काय दुरवस्था झाली, हे त्यांनी हुजूर पक्षाच्या सदस्यांच्या गोंगाटातही ठणकावून सांगितले. राजकारणातून निवृत्त झाल्यावर, २५ वर्षांच्या खंडानंतर, २०१६ मध्ये वयाच्या ८०व्या वर्षी त्या ओल्ड व्हिक रंगमंचावर राजा लिअर म्हणून उभ्या राहिल्या. ‘नटसम्राट’मुळे ज्या लिअरची सावली मराठी रसिकाच्या परिचयाची आहे, तोच हा लिअर. १५ जून २०२३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मायकेल केन यांच्यासमवेतचा ‘द ग्रेट एस्केपर’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट पूर्ण झाला होता, पण प्रदर्शित व्हायचा होता.

शिडीच्या पायऱ्या

या दोघांना आणि त्यांच्या समकालीनांना वर नेणारी शिडी कोणा एका व्यक्तीने उभारलेली नव्हती. ती महायुद्धोत्तर ब्रिटनच्या धोरणांतून, काहीशी योगायोगानेच, तयार झाली होती.

तिची पहिली पायरी म्हणजे १९४४ चा शिक्षण कायदा. त्याने सरकारी शाळांतील माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. दुसरी पायरी स्थानिक परिषदांची. परगण्याच्या शिक्षण खात्याला एखाद्या मुलात गुण दिसले, तर त्याच्या नाट्यशिक्षणाचा आणि उदरनिर्वाहाचा खर्च उचलण्याची मुभा होती. पॅट्रिक स्टुअर्ट यांचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. यॉर्कशायरमधील मर्फील्ड गावच्या एका कामगार कुटुंबातील हा मुलगा पंधराव्या वर्षी शाळेबाहेर पडला आणि गावच्या साप्ताहिकात बातमीदार झाला. बातमीदारी की नाटक, असा सवाल संपादकाने टाकला तेव्हा त्याने नाटक निवडले. १९५७ मध्ये तो ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये दाखल झाला तो स्थानिक परिषदेच्या अनुदानावर. ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन पिकार्ड म्हणून जगाला ठाऊक असलेल्या या नटाच्या शिक्षणाचे पैसे यॉर्कशायरच्या करदात्यांनी भरले होते.

तिसरी पायरी रेपर्टरी नाट्यगृहांची. रेपर्टरी म्हणजे गावोगावची, स्वतःचा नटसंच बाळगणारी नाट्यगृहे. तेथे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवे नाटक उभे राहत असे. आज खानसामा, उद्या पोलीस अधिकारी, परवा शेक्सपिअरचा सरदार अशा भूमिका करता करता नवखा नट दोन-तीन वर्षांत तयार होई. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट्स कौन्सिलच्या अनुदानामुळे ही नाट्यगृहे तग धरून होती. शिवाय ‘इक्विटी’ या नटांच्या कामगार संघटनेचे सदस्यत्व असल्याशिवाय काम मिळत नसे आणि नवोदिताला ते मिळविण्याचा नेहमीचा मार्ग रेपर्टरीतूनच जाई. नियम जाचक होता, पण त्यामुळे श्रीमंताच्या मुलालाही गावच्या रंगमंचावर झाडू मारण्यापासून सुरुवात करावी लागे.

शेवटच्या पायऱ्या लंडनमध्ये होत्या. १९५६ मध्ये रॉयल कोर्ट नाट्यगृहात इंग्लिश स्टेज कंपनीने जॉन ऑस्बर्न यांचे ‘लुक बॅक इन अँगर’ सादर केले आणि दिवाणखान्यातील सभ्य नाटकांची मक्तेदारी संपली. पाठोपाठ पीटर हॉल यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनी उभारली. ऑक्टोबर १९६३ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल थिएटरचा पडदा उघडला. त्या पहिल्याच नटसंचात मॅगी स्मिथ होत्या. त्या कामगार कुटुंबातील नव्हत्या, वडील रोगनिदानशास्त्रज्ञ होते. पण ऑक्सफर्डच्या छोट्या नाट्यशाळेतून आलेल्या या मुलीलाही आठवड्याला वेगळे नाटक करण्याची संधी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेनेच दिली. याच काळात बीबीसीची स्वतंत्र दूरचित्रवाणी नाटके घराघरांत पोहोचत होती. कामगारांच्या जीवनावरची नाटके लिहिली जाऊ लागली, तेव्हा ती करण्यासाठी त्या जीवनातून आलेले नट हवे झाले. मागणी आणि पुरवठा दोन्ही एकाच वेळी निर्माण झाले, हे या पिढीचे भाग्य.

उशिरा मिळालेल्या यशाचे मोल

मराठी वाचकाला या पिढीचा परिचय बहुतांशी २००१ ते २०११ या काळातील ‘हॅरी पॉटर’ चित्रपटांतून झाला. त्या आठ चित्रपटांना या नटांचे शेवटचे सामूहिक छायाचित्र म्हणता येईल. त्यातील स्नेप, म्हणजे अ‍ॅलन रिकमन. पश्चिम लंडनमधील कामगार कुटुंबात जन्मलेल्या रिकमन यांचे पितृछत्र आठव्या वर्षीच हरपले. आईने चार मुलांना वाढविले. शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला; पुढे ते ग्राफिक डिझाइन शिकले, त्यात व्यवसायही केला आणि २६व्या वर्षी तो सोडून ‘राडा’त गेले. ‘डाय हार्ड’ हा त्यांचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. मधल्या काळात रेपर्टरी आणि रॉयल शेक्सपिअर कंपनी यांनी त्यांना सांभाळले. १४ जानेवारी २०१६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. आजाराची वार्ता त्यांनी मोजक्या आप्तांपलीकडे जाऊ दिली नव्हती.

हॅरीचे तापट काका साकारणारे रिचर्ड ग्रिफिथ्स हे पोलाद कारखान्यातील कामगाराचे चिरंजीव. आईवडील दोघेही मूकबधिर असल्याने ते लहानपणीच खुणांची भाषा शिकले. रेपर्टरी आणि शेक्सपिअर कंपनीतील दीर्घ उमेदवारीनंतर, ‘द हिस्टरी बॉइज’ या नाटकासाठी २००६ मध्ये त्यांना टोनी पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते. २०१३ मध्ये ते गेले.

‘टायटॅनिक’चे कप्तान म्हणून सर्वांना आठवणारे बर्नार्ड हिल हे मँचेस्टरच्या खाणकामगार कुटुंबातले. मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये शिक्षण, लिव्हरपूलच्या एव्हरीमन नाट्यगृहात उमेदवारी आणि मग १९८२ मध्ये बीबीसीवरील ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ मालिकेत बेकारीने वेडापिसा झालेल्या योसर ह्यूजची भूमिका. लक्षावधी बेकारांच्या त्या काळात योसर हा इंग्लंडच्या उत्तर भागाचा आवाज ठरला. ५ मे २०२४ रोजी हिल यांचे निधन झाले. त्याच दिवशी त्यांची भूमिका असलेल्या ‘द रिस्पॉन्डर’ या मालिकेचे दुसरे पर्व बीबीसीवर सुरू होत होते.

या तिघांत एक साम्य आहे. त्यांना यश उशिरा मिळाले, आणि उशिरापर्यंत थांबणे त्यांना परवडले. तुटपुंजे का होईना, रेपर्टरीचे वेतन मिळत होते. दोन कामांच्या मधल्या काळात बेकारभत्ता होता. लंडनमधील खोलीचे भाडे आवाक्यात होते. नटाच्या आयुष्यात रिकामे महिने येणारच. ते महिने कोण काढू शकतो, यावर अखेर कोण नट होऊ शकतो हे ठरते.

पुण्यातील तार

हे रिकामे महिने किती लांबू शकतात, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. टेरेन्स स्टॅम्प हे लंडनच्या ईस्ट एन्ड भागातील. वडील बोटीवर भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करीत. शिष्यवृत्तीवर नाट्यशिक्षण घेतलेल्या या देखण्या तरुणाला १९६२ च्या ‘बिली बड’ या पहिल्याच मोठ्या भूमिकेने ऑस्करचे नामांकन मिळवून दिले. मायकेल केन हे त्यांच्या उमेदवारीच्या काळातील खोलीभागीदार. तेही मासळीबाजारातील हमालाचे पुत्र. साठचे दशक सरले आणि स्टॅम्प यांचे दिवस फिरले. वयाच्या तिशीतच काम मिळेनासे झाले. ते भारतात आले, पुण्यात आचार्य रजनीश यांच्या आश्रमात राहिले, भगवी वस्त्रे ल्याले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोरेगाव पार्कमधील ब्लू डायमंड हॉटेलात त्यांच्या हाती एक तार पडली. नाव ‘क्लॅरेन्स’ असे चुकलेले, पण मजकूर आयुष्य बदलणारा होता. ‘सुपरमॅन’मधील जनरल झॉडच्या भूमिकेसाठी बोलावणे आले होते. स्टॅम्प हा प्रसंग पुढे मुलाखतींतून रंगवून सांगत. १७ ऑगस्ट २०२५ रोजी, ८७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चोविसाव्या वर्षी तारा झालेल्या नटाला तिशीनंतर कित्येक वर्षे रिकामी काढावी लागतात, ही या व्यवसायाची जातकुळी आहे. स्टॅम्प यांच्या गाठीशी आधीच्या यशाची पुंजी होती. ज्याने अजून पहिले यशच पाहिलेले नाही आणि ज्याच्या बापाकडे लंडनमध्ये घर नाही, त्याला आज असा रिकामा काळ काढता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

पायऱ्या निखळत गेल्या

ही शिडी कोणी एका घावात तोडली नाही. तिच्या पायऱ्या एकेक करून निखळत गेल्या. १९७९ नंतर थॅचर सरकारच्या काळात सार्वजनिक खर्चाला कात्री लागली. परिषदांकडून नाट्यशिक्षणासाठी मिळणारे अनुदान हा कायद्याने दिलेला हक्क नव्हता, ते परिषदेच्या मर्जीवर अवलंबून होते. साहजिकच, तिजोरीत खडखडाट होताच सर्वांत आधी तेच आटले. रेपर्टरींचे कायम नटसंच एकामागून एक बरखास्त झाले. एका नाटकापुरते नट आणून पुन्हा घरी पाठविणे स्वस्त पडू लागले. १९८० च्या दशकाअखेरीस सदस्यत्वाची सक्ती कायद्याने संपली आणि ‘इक्विटी’च्या नियमाने रेपर्टरीला दिलेले महत्त्वही संपले. बीबीसीची ‘प्ले फॉर टुडे’ ही स्वतंत्र नाटकांची प्रतिष्ठित मालिका १९८४ मध्ये बंद झाली.

यात एकट्या हुजूर पक्षाला दोष देणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही. विद्यापीठीय शिक्षणाला शुल्क लावणारा आणि निर्वाह अनुदान संपविणारा १९९८ चा कायदा टोनी ब्लेअर यांच्या मजूर सरकारचा. त्या वेळी वार्षिक शुल्क एक हजार पौंड होते. २०१२ मध्ये ते नऊ हजारांपर्यंत गेले आणि २०२५-२६ या वर्षात ९,५३५ पौंड झाले. तीन वर्षांचे नाट्यशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या डोक्यावर पहिल्या भूमिकेआधीच कर्जाचा डोंगर असतो. शुल्कासाठी कर्ज मिळते, हे खरे. परंतु कमाईची शाश्वती नसलेल्या व्यवसायासाठी कर्ज काढण्याचे धाडस गवंड्याच्या मुलीपेक्षा बँकरच्या मुलाला सोपे जाते.

शाळांतही नाटक मागे पडले. २०१० मध्ये सरकारने शाळांच्या मूल्यमापनासाठी ‘इंग्लिश बॅकलॉरिएट’ हा निकष आणला. त्यात कलाविषयांना स्थान नव्हते. शाळांनी मग वेळ आणि शिक्षक ज्या विषयांना गुण आहेत तिकडे वळविले. हा निकष रद्द करण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला, पण दरम्यान दीड दशक निघून गेले. मार्च २०२३ मध्ये आर्ट्स कौन्सिलचे अनुदान गमावलेले ओल्डहॅम कोलिजियम हे जुने रेपर्टरी नाट्यगृह बंद पडले. नागरिकांच्या आंदोलनानंतर ते पुन्हा उघडण्याचे पुढे ठरले, हा अपवाद समाधानाचा. पॅट्रिक स्टुअर्ट यांना घडविणाऱ्या ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलने तर आर्थिक ओढाताणीमुळे पदवी अभ्यासक्रमच थांबविण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. १९४६ मध्ये ऑलिव्हिए यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही संस्था. तिची ही अवस्था, बाकीच्यांची कल्पना करता येते.

आकडे काय सांगतात?

सामाजिक गतिशीलतेचा अभ्यास करणाऱ्या ‘सटन ट्रस्ट’ या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ऑस्कर मिळविणाऱ्या ब्रिटिश कलावंतांपैकी ६७ टक्के आणि बाफ्टा मिळविणाऱ्यांपैकी ४२ टक्के खासगी शाळांत शिकलेले होते. देशातील अशा शाळांतील मुलांचे एकंदर प्रमाण जेमतेम सात टक्के. एडी रेडमेन, टॉम हिडल्स्टन, डेमियन लुइस, डॉमिनिक वेस्ट हे चौघेही ईटन या एकाच शाळेचे माजी विद्यार्थी. बेनेडिक्ट कम्बरबॅच हॅरोचे. ईटनचे वार्षिक शुल्क आज साठ हजार पौंडांच्या वर आहे. तेथे व्यावसायिक दर्जाचे नाट्यगृह आहे आणि तालमींना वेळही आहे.

या नटांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपण श्रीमंत घरात जन्मलो हा त्यांचा अपराध नव्हे. उलट, उत्तम साधने मिळाली तर मुले किती उत्तम घडतात, याचाच ते दाखला आहेत. तक्रार आहे ती ही साधने सात टक्क्यांपुरती उरली याची. नर्सचे शिक्षण अर्धवट सोडून परिषदेच्या अनुदानावर मँचेस्टरला नाट्यशिक्षण घेतलेल्या ज्युली वॉल्टर्स यांनी, आजच्या परिस्थितीत आपल्यासारखीला हा मार्ग मिळाला नसता, असे वारंवार बोलून दाखविले आहे. मजूर पक्षाने २०१७ मध्ये या प्रश्नाची चौकशी करून अहवालही काढला. चौकशी करणाऱ्या दोन खासदारांपैकी एक, ट्रेसी ब्रेबिन, या स्वतः पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री.

याचा परिणाम केवळ नटांच्या रोजगारावर होत नाही. पडद्यावर कोणाचे आयुष्य दिसते आणि ते कोणत्या तोंडून बोलते, हे त्यावर ठरते. जुनी सरदारघराणी, वाडे आणि राजवंश यांच्या मालिका इंग्लंडमधून जगभर विकल्या जातात. बेकारीने पिचलेला योसर ह्यूज मात्र क्वचितच दिसतो.

दुसरी बाजू

अर्थात, गेलेल्या काळाला सुवर्णयुग ठरविण्याची घाई करू नये. १९६४ मध्ये नॅशनल थिएटरने ‘ऑथेल्लो’ केले, तेव्हा मॅगी स्मिथ यांच्या डेस्डिमोनासमोर ऑलिव्हिए तोंडाला काळा रंग फासून उभे होते. कृष्णवर्णीय किंवा आशियाई वंशाच्या नटाला त्या शिडीवर पाय ठेवणे जवळजवळ अशक्य होते. स्त्रियांसाठी चाळिशीनंतरच्या भूमिका नावापुरत्या होत्या. या बाबतींत आजची रंगभूमी निश्चितच अधिक उदार आहे. लंडनच्या कॅम्डेन भागातील सरकारी वसाहतीत वाढलेले डॅनिएल कलुया यांना २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले.

मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलसन्स’ या मालिकेने तर उत्तर इंग्लंडमधील सामान्य कुटुंबाची कथा जगभर पोहोचविली. तिच्यातील मुलाची भूमिका करणाऱ्या, वॉरिंग्टनच्या ओवेन कूपर या पंधरा वर्षांच्या मुलाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमी पारितोषिक पटकावले. मालिकेचे सहलेखक आणि अभिनेते स्टीफन ग्रॅहम हे लिव्हरपूलजवळच्या कर्बी गावचे. मग शिडी मोडली, असे कसे म्हणावे?

या अपवादांकडे बारकाईने पाहिले तर उत्तर सापडते. कलुया घडले ते लंडनमधील अ‍ॅना शेर यांच्या, वस्तीतील मुलांसाठी अल्प शुल्कात चालणाऱ्या नाट्यवर्गात. ग्रॅहम किशोरवयात दाखल झाले ते एव्हरीमनच्या युवा नाट्यपथकात. बर्नार्ड हिल यांना ज्या नाट्यगृहाने उभे केले, तेच हे नाट्यगृह. कूपर मँचेस्टरच्या एका स्थानिक नाट्यवर्गाचा विद्यार्थी. म्हणजे जेथे जुन्या शिडीची एखादी पायरी शिल्लक राहिली किंवा कोणी स्वतःच्या हिमतीने नवी ठोकली, तेथून मुले आजही वर येत आहेत. प्रतिभेचा दुष्काळ पडलेला नाही. दारे कमी झाली आहेत. आणि जी उघडी आहेत ती योगायोगाने, कोणा एका शिक्षकाच्या किंवा शिक्षिकेच्या चिकाटीमुळे उघडी आहेत. त्या पूर्वीच्या पिढीला योगायोगाची गरज नव्हती असे नाही. परंतु योगायोग घडल्यावर खर्चाची जबाबदारी घेणारी परिषद तेव्हा होती.

शोक कशाचा करायचा?

नट गेला की त्याच्या भूमिका मागे उरतात. रिकमन यांचा स्नेप, फिनी यांचा कामगार, मॅगी स्मिथ यांच्या ‘डाउन्टन अ‍ॅबी’मधील वृद्ध सरदारीण पुढच्या पिढ्याही पाहतील. व्यवस्थेचे तसे नसते. ती गेली की तिच्या मागे काही दिसत नाही, कारण तिच्या अभावी जे नट घडलेच नाहीत त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात. औषधांच्या दुकानात १९५४ नंतरही गवंड्याची ती मुलगी काउंटरमागे उभी राहिली असती, तर इंग्लंडला आपण काय गमावले याचा पत्ताही लागला नसता. ना दोन ऑस्कर, ना संसदेतील ते भाषण, ना ऐंशीव्या वर्षीचा लिअर.

मोठ्या नटांच्या निधनानंतर ब्रिटनचे सत्ताधारी आणि विरोधक दोघेही आदरांजलीचे संदेश प्रसृत करतात. त्यांत ‘राष्ट्राचा ठेवा’ हा शब्दप्रयोग हमखास असतो. हा ठेवा परिषदेच्या शिक्षण समित्यांनी, गावच्या नाट्यगृहांनी आणि करदात्यांच्या थोड्याथोड्या पैशांनी साठविला होता, याचा उल्लेख मात्र त्यांत सहसा नसतो. त्या पिढीतील जे थोडे ज्येष्ठ अजून हयात आहेत, तेही एकेक करून निघून जातील. निसर्गाचा क्रम कोणाला चुकलेला नाही. त्यांच्या जागा भरून निघतील की नाही, हे निसर्ग ठरविणार नाही. ते लंडनच्या अर्थमंत्रालयात आणि परगण्यांच्या परिषदांत, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठरणार आहे.